वाहतुकीची पुरवणी

"उल्का पडली की घरं किती जातात?"

भाची दात घासत होती. तोंडात ब्रश धरून ती तशीच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आली. टेबलावर तिचा लॅपटॉप उघडा होता आणि त्याच्यापुढे मावशी चष्मा कपाळावर ढकलून, नाक पडद्याला टेकेल इतकी वाकून बसली होती.

"अख्खी वस्ती जाते," भाची फेसातून म्हणाली. "का गं?"

"एकच घर पाडता येत नाही? नेमकं?"

भाची बेसिनकडे जाऊन चूळ भरून आली. "मावशी, शहर वसवायचा खेळ आहे तो. लोक शहर वसवायला घेतात. आणि तू विचारतेस काय, तर नेमकं घर पाडता येतं का!"

"वसवलं की मी. दीड महिना वसवतेच आहे. आता दुसरं काम."

शनिवारची सकाळ होती. उद्या संध्याकाळपर्यंत खेळाच्या सगळ्या जोडण्यांवर सूट होती. मावशीला पासष्ट पूर्ण होत होती, आणि वाढदिवसाची भेट म्हणून यातलं काहीतरी एक तिने निवडावं असं भाचीने सांगितलं होतं. एकच. भाची त्यांना एक्स्पान्शन म्हणायची. मावशी पुरवणी म्हणायची. परीक्षेत मूळ पेपर भरला की हात वर करून मागतात ना, तशी. तिचा पेपर भरून बरीच वर्षं झाली होती आणि लिहायचं अजून राहिलं होतं.

"बागांचं घे ना," भाची तिच्या शेजारी खुर्ची ओढून म्हणाली. "बघ किती छान आहे. कारंजी, झोपाळे, तळ्यात होड्या. नाहीतर विद्यापीठाचं. बर्फाचं पण मस्त आहे."

"बागा त्यांनी लावाव्यात ज्यांचं कुणाकडून काही घ्यायचं राहिलेलं नाही."

"झालं सुरू," भाची म्हणाली. कुणाबद्दल चाललंय हे तिला विचारावं लागलं नाही.

मावशी अग्निशमन केंद्रात कामाला होती. तेवीस वर्षं ती कंट्रोल रूममध्ये बसली. फोन घ्यायचा, पत्ता विचारायचा, भिंतीवरच्या नकाशात बघायचं आणि बंबाला रस्ता सांगायचा. केंद्रातले सगळे तिला कंट्रोलबाई म्हणायचे. तिचं खरं नाव पगाराच्या दिवशीच काय ते ऐकू यायचं. पुढे पुढे तिला नकाशाकडे बघावंही लागत नसे. दातांवरून जीभ फिरवावी तसं शहर तिच्या डोक्यात फिरायचं. कुठे खड्डा, कुठे फट, कुठे वळताना बंबाची शिडी तारेला लागते, सगळं. लग्न राहून गेलं, बहीण गेली, शेवटी बहिणीची ही मुलगी कृत्रिम दात बनवण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली म्हणून राहायला आली, आणि घरात पुन्हा दोन ताटं झाली.

खेळ भाचीचाच. एका रविवारी दुपारी ती खेळत असताना मावशी भाजी निवडत मागे उभी होती. पडद्यावरच्या शहरात एका घराला आग लागली आणि खेळण्याएवढा लाल बंब चौकातल्या गाड्यांमध्ये अडकून पडला. मावशीच्या हातातली जुडी खाली पडली. "डावीकडं घे! अरे डावीकडं काढ ना!" ती अशी ओरडली की शेजारच्या बाईने दार वाजवलं. त्या दिवसापासून लॅपटॉप भाची घरी नसेल तेव्हा मावशीचा झाला. आणि तिने त्यात वसवलं ते मनातलं शहर नव्हतं. तिने आठवणीतून आपला जुना विभाग उभा केला. रेल्वेचा पूल, गिरणीचा रस्ता, शाळेमागचा उतार, आणि मधोमध शिंप्यांची गल्ली.

त्या गल्लीत एकोणीस वर्षांपूर्वी, एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणाच्या कारखान्यात आग लागली. फोन मावशीने घेतला. बंब तिने गिरणीच्या रस्त्याने गल्लीकडे पाठवला. दुसरा जवळचा रस्ताच नव्हता. गल्लीच्या तोंडाशी बंब पोचला तेव्हा तिथे सिमेंटचे सहा खांब रोवलेले होते. चार दिवसांपूर्वी नगररचना विभागाने गल्ली फक्त पायी चालणाऱ्यांसाठी केली होती. केंद्राला कुणी कळवलं नव्हतं. बंब मागे घेऊन, पुलाखालून वळसा घालून पलीकडच्या, अजून खांब न बसलेल्या तोंडाने आत यायला अकरा मिनिटं जास्त लागली. काजं करणाऱ्या दोन बाया आणि इस्त्रीवाला, असे तिघे गेले.

चौकशी बसली. नगररचना विभागाच्या साहेबांनी एक नोटीस पुढे ठेवली. गल्ली बंद केल्याचं अग्निशमन केंद्राला आगीच्या तीन दिवस आधीच कळवलं होतं, असं तिच्यावर लिहिलेलं होतं. ती कंट्रोल रूममध्ये पोचली, पण तिथल्या बाईंनी तिची नोंद घेतली नाही, असा निष्कर्ष निघाला. ते साहेब हातात कायम मोजपट्टी घेऊन हिंडत, म्हणून लोक त्यांना पट्टीसाहेब म्हणत. चौकशीच्या वेळीही ते पट्टीने टेबलावर टकटक करत होते. मावशी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. त्यांनी तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

मावशीला कंट्रोल रूममधून काढून कोठारात टाकलं. पुढची बारा वर्षं ती जाळीच्या खिडकीमागे बसून गमबूट आणि पाण्याचे पाइप देत होती. एकदा आगीत गेलेल्या त्या दोघींपैकी एकीचा नवरा खिडकीशी आला. जाळीतून तिच्याकडे बघत राहिला, आणि काही न बोलता निघून गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कितीतरी दिवस वाटत होतं.

म्हणून उल्का.

पट्टीसाहेबांचं घर ती बघून आली होती. दोन बस बदलून गेली, समोरच्या फुटपाथवर उभी राहिली, मजले मोजले, गच्चीवरची टाकी कुठल्या कोपऱ्यात आहे ते पाहून आली आणि पडद्यावर तसंच्या तसं घर उभं केलं. बाल्कनीचा रंगसुद्धा मिळवला. आता फक्त आकाशातून काहीतरी यायला हवं होतं.

"हे बघ," भाचीने आपत्तीच्या पुरवणीची चित्रफीत लावली. "भूकंप, पूर, वणवा, वादळ, आणि ही तुझी उल्का."

उल्का आली. घरं उडाली, धूर झाला, मोठा खड्डा पडला. मावशीचे डोळे चमकले. मग पडद्यावर चार दिशांनी लाल बंब धावत सुटले, आणि ती पुढे वाकली.

"थांबव."

"काय झालं?"

"आता चौकशी कुणाची होणार?"

"कसली चौकशी? उल्का पडली मावशी!"

"तेच म्हणते मी. उल्का पडली म्हणजे कुणाचाच दोष नाही. त्याला बरंच की ते! लोक हळहळतील, हार घालतील. आणि फोन कुठं येणार? कंट्रोल रूमलाच. पुन्हा तिथली बाईच मरणार." तिने चष्मा डोळ्यांवर घेतला. "नको. आकाशातून पडलेलं काही नको मला. माणसाच्या हातानं झालेलं पाहिजे. खांब कुठल्या पुरवणीत मिळतात?"

भाचीने यादी खालीवर केली. वाहतुकीच्या पुरवणीचं चित्र सगळ्यांत कंटाळवाणं होतं. एक चौक आणि एक सिग्नल. पण तिच्यात रस्ता एकेरी करता येत होता, गाड्यांना बंद करता येत होता, तोंडाशी खांब रोवता येत होते. आणि आणखी एक सोय होती. कुठलीही गाडी कुठल्या वाटेने गेली, त्याची लाल रेघ उमटायची आणि बाजूला वेळ दिसायची.

"हीच," मावशी म्हणाली.

"नक्की? वाढदिवसाची भेट आहे गं. सिग्नल काय घेतेस?"

"घे म्हटलं ना. उद्या सूट संपते."

भाचीने घेतली. ती उतरायला वीस मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ मावशी पडद्यावरची निळी पट्टी सरकताना बघत बसली होती. दूध उतू गेलं तरी उठली नाही.

खांब रोवायला तिला एक सकाळ पुरली. शिंप्यांच्या गल्लीच्या तोंडाशी सहा, मोजून. मूळ खेळातल्याच सोयीने आग लावली. बंब गिरणीच्या रस्त्याने आला, खांबांशी अडला, मागे फिरला, पुलाखालून वळला. लाल रेघ नकाशावर सापासारखी पडली. इमारत जळून गेली. खेळातली मिनिटं खरी नसतात हे तिला कळत होतं, पण त्या रेघेचा आकार खरा होता. तिने तो एकोणीस वर्षं डोळे मिटून पाहिला होता.

आता खांब काढून बघायचं होतं. ते मात्र तिच्याने चार दिवस झालं नाही.

कारण एक गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. चौकशीत नाही, बहिणीला नाही, भाचीलाही नाही. त्या मंगळवारी फोन वाजला तेव्हा तिच्या पेन्सिलीचं टोक नुकतंच मोडलं होतं. ती ते करत होती. फोन दुसऱ्या रिंगला उचलायचा हा तिचा नियम, आणि त्या दिवशी तिने चौथ्या रिंगला उचलला. आठ सेकंद. समजा, खांब काढूनही बंब उशिराच पोचला तर? मग काय, त्या आठ सेकंदांनीच घात केला असं होईल. पट्टीसाहेब खोटं बोलूनही बरोबर ठरतील. पडद्यापुढे बसून ती हात मांडीवर ठेवायची, उठून भांडी घासायची, परत येऊन बसायची.

पाचव्या दिवशी भाची कामावर गेल्यावर तिने खांब काढले, आग लावली, आणि केंद्रासमोरचा रस्ता बंद करून घड्याळाकडे बघत बंब आठ सेकंद रोखून धरला. मग सोडला. बंब गिरणीच्या रस्त्याने आला, गल्लीत सरळ घुसला, पाण्याची बारीक निळी रेघ उडाली आणि आग विझली. इमारतीवरचं लाल चिन्ह गेलं. तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांत दिवे लागले.

तिने पुन्हा करून पाहिलं. मग पुन्हा. नऊ वेळा. नवव्या वेळी ती खुर्चीत मागे टेकली आणि मोठ्याने म्हणाली, "आता बघते तुला, मेल्या."

पट्टीसाहेबांचा फोन नंबर निवृत्त कर्मचारी संघाच्या पुस्तिकेत होता. मावशीने आवाज गोड केला. कंट्रोल रूममध्ये तो आवाज भल्याभल्यांना शांत करायचा. आपणही निवृत्त कर्मचारी आहोत, संगणकावर एक छोटं शहर वसवतो आहोत, रस्त्यांचं गणित जमत नाही, शहर बांधणाऱ्या जाणकार माणसाचा सल्ला हवा आहे, असं ती म्हणाली.

"अहो या की!" पलीकडून आवाज आला. "गुरुवारी तीनला या. इथं कोण येतंय आता सल्ला विचारायला!"

निघण्यापूर्वी तिने दोन गोष्टी केल्या. रस्त्यांची नावं काढून टाकली, आणि नकाशा उलटा फिरवला, दक्षिण वर आणि उत्तर खाली. मग लॅपटॉप टॉवेलमध्ये गुंडाळून बाजाराच्या पिशवीत घातला.

दार साहेबांच्या पत्नीने उघडलं. उंच, पांढऱ्या केसांची, हातात वर्तमानपत्राचं शब्दकोडं. "या या, सकाळपासून तीन वेळा टेबल पुसून झालंय त्यांचं," ती हसत म्हणाली.

साहेब चांगले टणटणीत होते. मावशीला हे आवडलं. आजारी, अंथरुणाला खिळलेला माणूस निघाला असता तर सगळंच फुकट गेलं असतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, नमस्कार केला, आणि त्यांच्या नजरेत ओळखीचं काहीच उमटलं नाही. तिचं आयुष्य ज्याने कोठारात घातलं त्याला तिचा चेहराही माहीत नव्हता. भिंतीवर एका गल्लीचा मोठा फोटो लावलेला होता. फुलांच्या कुंड्या, बाकं, चालणारी माणसं. खाली पारितोषिकाची पितळी पट्टी. फोटोत सिमेंटचे खांब नव्हते. ते आग लागली त्याच आठवड्यात उपटले होते.

"दाखवा दाखवा," साहेब खुर्ची ओढत म्हणाले.

मावशीने दाखवलं. दहा मिनिटांत साहेब पार रंगून गेले. हा उतार बरोबर आहे, इथं शाळा आहे म्हणजे इथं वेग कमी पाहिजे, हा पूल अरुंद ठेवलात ते झकास केलंत बाई, अगदी आपल्याकडं असतात तसा. खिशातून त्यांनी छोटी मोजपट्टी काढली आणि पडद्यावर टेकवली. मावशीने त्या पट्टीकडे पाहिलं आणि हात पिशवीच्या बंदात घट्ट गुंडाळला.

"मला शिकवा हा खेळ," साहेब म्हणाले. "दुपार कशी घालवायची हा प्रश्नच आहे हल्ली."

"शिकवते की. आधी माझी अडचण बघा, साहेब. इथं आग लागली की विझतच नाही."

तिने आग लावली. बंब निघाला, खांबांशी अडला, मागे फिरला. साहेब जिभेने च्यक् च्यक् करत बघत होते. लाल रेघ पूर्ण व्हायच्या आत ते उसळलेच.

"अहो, विझेल कशी! हे काय करून ठेवलंय? गल्लीत दुसरी जवळची वाट नाही आणि तोंडाशी पक्के खांब? काढता येणारे बसवायचे असतात इथं. मधले दोन तरी. साधी अक्कल आहे ही! आणि बंद करण्याआधी अग्निशमनवाल्यांना बोलावून दाखवायचं असतं. हे कुणा गाढवानं—"

मावशीने नकाशा फिरवायला सुरुवात केली. सावकाश. पूल खालून वर गेला, गिरणीचा रस्ता उजवीकडून डावीकडे आला, शाळेमागचा उतार आपल्या जागी बसला. उत्तर वर आली. शिंप्यांची गल्ली समोरच्या भिंतीवरच्या फोटोशी समांतर झाली.

साहेबांची पट्टी हवेतच राहिली.

"पूर्ण करा ना वाक्य," मावशी म्हणाली. "कुणा गाढवानं?"

साहेबांनी आता तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "तुम्ही कोण?"

"कंट्रोलबाई. चौकशीला टेबलाच्या त्या टोकाला बसले होते. तुम्ही बघितलंच नाहीत म्हणून आठवत नसेल."

चहाचा ट्रे घेऊन आलेली त्यांची पत्नी दारातच थांबली.

"हे बघा," साहेबांनी घसा साफ केला, "ती नोटीस आमच्याकडून वेळेत गेली होती. तुमच्याकडं नोंद झाली नाही, त्याला मी काय—"

"नोटीस आली म्हणता त्या दिवशी सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत मीच होते. दोनला माझ्या हातातून दुसरीनं काम घेतलं, तिच्याकडंही काही आलं नाही. तेवीस वर्षांत रस्त्यावरचं पाइपाचं खोदकामसुद्धा माझ्याकडून नोंदवायचं राहिलं नाही. अख्खी गल्ली राहील?"

"एकोणीस वर्षं झाली त्याला. आता उकरून काय मिळणार आहे तुम्हाला?"

"मी त्या दिवशी फोन आठ सेकंद उशिरा उचलला," मावशी म्हणाली. हे आपण बोलणार आहोत हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. "पेन्सिल करत होते. ते आठ सेकंद मी रोज मोजते, साहेब. आंघोळ करताना, बसमध्ये, रोज. तुमची अकरा मिनिटं कुणी मोजली?"

पडद्यावर इमारत अजून जळत होती.

पत्नीने ट्रे टेबलाच्या कडेवर ठेवला. "अहो," ती म्हणाली, "तुम्ही मला सांगत होता की कंट्रोल रूममधली बाई झोपली होती."

"तू आत जा बघू."

"नाही जात. नोटीस कधी लिहिली होती?"

"काढता येणारे खांब मागवले होते आम्ही," साहेब फोटोकडे बघत बोलू लागले. "यायला महिना लागणार होता. वरच्यांना उद्घाटनाची घाई. म्हणाले, तात्पुरते पक्के बसवा. महिन्याभरात काय होतंय, असं वाटलं..."

"मी खांबांचं नाही विचारलं. नोटीस कधी लिहिली?"

"आगीच्या दुसऱ्या दिवशी."

इतका बारीक आवाज मावशीने त्या माणसाच्या तोंडून अपेक्षिला नव्हता. या क्षणाची तिने किती वाट पाहिली होती. आपण ओरडू, टेबलावर हात आपटू, कदाचित ती पट्टी मोडून टाकू, असं तिला वाटायचं. प्रत्यक्षात तिने पिशवीतून चार कोरे कागद आणि पेन काढलं.

"मला माफी नको," ती म्हणाली. "मागितलीत तरी मी देणार नाही. मला हे लिहून पाहिजे. तारीख, वार, सही. एक माझ्याकडं राहील, एक कार्यालयात जाईल."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"लिहा," त्यांची पत्नी म्हणाली. बस, एवढंच. ती खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

साहेबांचं अक्षर नकाशावरच्या अक्षरासारखं होतं, एकेक अक्षर सुटं आणि सरळ. मावशी खांद्यावरून वाचत होती. तिसऱ्या ओळीत तिने बोट ठेवलं.

"'अनवधानाने' काढा."

"मग काय लिहू?"

"जाणूनबुजून."

"बाई, थोडं तरी—"

"त्या काजं करणाऱ्या दोघींना सांगा थोडं तरी."

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. तिकडून काही मदत आली नाही. त्यांनी शब्द खोडला, वर दुसरा लिहिला. मावशीने तो कागद टराटरा फाडला आणि नवा पुढे ठेवला. "खाडाखोड नको. सगळं पहिल्यापासून." मग दुसरी प्रत. दोन्ही होईपर्यंत चहावर साय आली. कुणी प्यालं नाही.

निघताना तिने लॅपटॉप टॉवेलमध्ये गुंडाळला आणि दारातून मागे वळून म्हणाली, "खेळ शिकायचाय ना, साहेब? शिका. भाचीला विचारून खेळाचं नाव कळवते. सुरुवात मात्र त्या गल्लीपासूनच करा."

ते मान खाली घालून बसले होते. पत्नी तिच्याबरोबर जिन्यापर्यंत आली. ती कठड्याला धरून उभी राहिली. मावशीला तिची दया आली, आणि त्या दयेचा रागही आला. आपण आलो नसतो तर ही बाई आत्ता शब्दकोडं सोडवत बसली असती.

खाली उतरल्यावर आपल्याला हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. कडकडून भूक लागली. कोपऱ्यावरच्या गाडीवरून तिने दोन केळी घेतली आणि फुटपाथवर उभ्याउभ्या खाल्ली.

सोमवारी ती महापालिकेच्या कार्यालयात गेली. आवक विभागाची खिडकी आता काचेची झाली होती. काचेमागे तिशीतला एक कारकून होता. त्याने पत्र वाचलं, उलटून पाठीमागे पाहिलं, पुन्हा वाचलं.

"हे कुठल्या फायलीला लावायचं, बाई?"

तिने चौकशीचं वर्ष आणि महिना सांगितला. कारकून उठला, आत कुणाला तरी विचारून आला. येताना त्याचा चेहरा उजळला होता. चांगली बातमी द्यायला मिळते आहे असा.

"ती फाईल नाही आता. दहा वर्षांनी नष्ट करतात. म्हणजे तुमच्यावर ठपकाच नाही, बाई! कागदच नाही तर ठपका कुठला? तुम्ही उगाच त्रास घेतलात."

मावशी काचेला हात टेकून उभी राहिली. सात वर्षांपूर्वी ती निवृत्त झाली तेव्हाही ती फाईल नव्हतीच म्हणजे. ज्या कागदासाठी ती इतकी वर्षं जळत होती तो कधीतरी लगदा होऊन गेला होता, आणि तिला कुणी सांगितलंही नव्हतं.

"ठपका आहे," ती म्हणाली. "मी आहे ना अजून."

"पण लावणार कशाला? फाईल—"

"फाईल नसू दे. आवक करून घ्या. नंबर टाका."

मागे रांग लागली होती. कारकुनाने सुस्कारा सोडून जाड वही ओढली. "विषय?"

"गल्ली बंद केल्याची नोटीस कंट्रोल रूमला आगीपूर्वी मिळाली नव्हती, ती नंतर जाणूनबुजून बनवली, याबद्दल."

"'नोटिशीबाबत' लिहितो."

"नाही. म्हटलं तसं लिहा."

"रकाना एवढासा आहे हो!"

"मग बारीक लिहा. मला घाई नाही."

मागून कुणीतरी "अहो आजी, आटपा" म्हणालं. ती वळली नाही. कारकून लिहू लागला. विषय रकान्यात मावेना, तेव्हा त्याने तो खालच्या दोन ओळींत ओढला. तिने काचेतून शब्द न् शब्द पाहिला. एक वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त करून घेतली. मग त्याने तिच्या प्रतीवर शिक्का मारला, क्रमांक घातला, सही केली आणि काचेखालच्या फटीतून कागद बाहेर सरकवला.

शिक्क्याची शाई जरा जास्तच लागली होती. घडी घातली असती तर पसरली असती. मावशीने कागद दोन्ही हातांनी कडांना धरला, अंगापासून थोडा दूर, आणि रांगेतली माणसं बाजूला होत होती तशी त्यांच्यामधून तो वाळवत वाळवत बाहेर रस्त्यावर आली.